रानफुलांचा वाफा : बीड जिल्ह्यातील शाळा व ग्रामपंचायतींसाठी एक सहजसाध्य उपक्रम

बीड जिल्हा हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. उत्तरेस गोदावरीकाठची काळी जमीन आणि मध्यभागी बालाघाटच्या डोंगररांगांवरील उथळ, मुरमाड माळ असे या जिल्ह्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांतील दुष्काळांची झळ जिल्ह्याने सोसली आहे. त्यामुळे गावाच्या विकासाचा विचार करताना पाणी आणि वृक्ष यांकडे प्रथम लक्ष जाणे स्वाभाविकच होय. तथापि, माळावर व बांधावर आपोआप उगवणारी रानफुले आणि त्यांच्या आधाराने जगणारे लहान जीव यांचाही शेतीच्या उत्पन्नाशी निकटचा संबंध आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

फुले, कीटक आणि पीक

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या माहितीनुसार, जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिके कमीअधिक प्रमाणात कीटकादी परागवाहकांवर अवलंबून आहेत. ज्वारी, बाजरी व गहू यांना ही मदत लागत नाही. परंतु कारले, दोडका, भोपळा या वेलींवर नर व मादी फुले वेगवेगळी असल्याने मधमाशी आल्याखेरीज फळ धरत नाही. सूर्यफूल आणि कांद्याचे बियाणे यांच्या उत्पादनातही मधमाश्यांचा वाटा मोठा आहे.

सीताफळाचे उदाहरण तर बीडकरांच्या जिव्हाळ्याचे आहे. बालाघाटच्या सीताफळास २०१६ मध्ये ‘बीड सीताफळ’ या नावाने भौगोलिक मानांकन लाभले. या झाडाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर असले, तरी स्त्रीकेसर आधी पक्व होतात आणि पराग नंतर मोकळे होतात. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवावा लागतो. हे काम निसर्गात अगदी बारीक भुंगेरे करतात.

या कीटकांना पीक फुलावर असतानाचे काही दिवस वगळता उरलेले वर्षही काढावयाचे असते. बांध निमुळते झाले, त्यांवर तणनाशक फवारले गेले किंवा उन्हाळ्यात ते पेटवून दिले गेले, की त्यांचे अन्न व निवारा दोन्ही नाहीसे होतात. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांमध्ये २७ वर्षांच्या काळात उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. राखीव क्षेत्रांची ही स्थिती असेल, तर शेतशिवाराबाबत सावध राहणे इष्ट ठरेल.

जागा व पूर्वतयारी

या दृष्टीने शाळेचे आवार, ग्रामपंचायत कार्यालयाची मोकळी जागा अथवा पाणवठ्यालगतचा कोपरा येथे दहा फूट रुंद व वीस फूट लांब एवढा वाफा पुरेसा आहे. जागेस दिवसातून किमान सहा तास ऊन मिळावे. शेणखत वा रासायनिक खत मुळीच घालू नये. सकस जमिनीत गवत माजते आणि रानफुले दबून जातात, म्हणून हलकी, मुरमाड जमीनच या कामी उत्तम. शेळ्या-गुरांपासून रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण करावे.

बियाणे विकत घेण्याचे कारण नाही. आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत गावच्या शिवारातील वाळलेल्या शेंगा व बोंडे जमा करावीत. मात्र एका ठिकाणचे सर्व बी न घेता निम्म्याहून अधिक तेथेच राहू द्यावे. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावे आणि मृगाचा पहिला चांगला पाऊस होताच वाळूत मिसळून विरळ विस्कटावे. तरोटा, तरवड यांचे बी कठीण कवचाचे असल्याने ते खरखरीत दगडावर हलके घासून रात्रभर पाण्यात भिजवावे.

कोणती झाडे लावावीत?

वाफ्याच्या कडेस तरवड असावा. तो अवर्षणात तग धरतो, गुरे त्यास सहसा तोंड लावत नाहीत आणि त्याची पिवळी फुले सुतारी भुंग्यांना आकर्षून घेतात. मध्यभागी कुर्डू, तुंबा, तेरडा, एकदांडी व विष्णुक्रांत, तर हिवाळ्यासाठी झेंडू, करडई व धने असावेत. एकदांडी मूळची अमेरिकेतील असली, तरी आता ती सर्वत्र रुळली असून तिच्या मधावर अनेक फुलपाखरे येतात.

केवळ मध पुरविल्याने फुलपाखरे टिकत नाहीत. त्यांच्या अळ्यांना ठराविक झाडांचीच पाने लागतात. कढीपत्ता, लिंबू व बेल यांवर लिंबाचे फुलपाखरू अंडी घालते. तरोट्यावर फिकट रंगाची भटकी फुलपाखरे वाढतात. रुईच्या पानांवर वाढणाऱ्या अळीपासून काळ्या-पांढऱ्या किनारीचे भगवे फुलपाखरू तयार होते. रुईतील विषारी द्रव्ये त्याच्या शरीरात साठत असल्यामुळे पक्षी ते खाण्याचे टाळतात. अंड्यापासून फुलपाखरू होण्यास साधारणतः तीन ते चार आठवडे लागतात. या काळात पाने कुरतडलेली दिसली, तरी औषध फवारू नये. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने हे झाड मुलांच्या वाटेपासून दूर ठेवावे आणि धोतरा शाळेत लावूच नये.

गाजरगवत व घाणेरी यांस मात्र थारा देऊ नये. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून, मुळासह उपटावे.

निगा

वाफ्याच्या एका कोपऱ्यात हातभर जमीन उघडी ठेवावी. एकांड्या जातीच्या अनेक माश्या जमिनीत बीळ करून राहतात. मातीच्या पसरट परळात खडे घालून पाणी भरावे, म्हणजे मधमाश्यांना बुडण्याची भीती न राहता पाणी पिता येते. परळातील पाणी दररोज बदलावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होते. माघ महिन्यात निम्माच वाफा कापावा. उरलेल्या वाळल्या काड्यांत कीटक आश्रय घेतात आणि बियांवर मुनियांचे थवे उतरतात. वाफ्यात बेडूक आणि सरडे आल्यास ती उपक्रम साधल्याचीच खूण समजावी. लगतच्या शेतात फवारणी अटळ असल्यास ती सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर करावी, अशी विनंती शेतकऱ्यांस करता येईल.

शाळा व ग्रामपंचायतीचे कार्य

असा वाफा प्रथमदर्शनी तण माजल्यासारखा दिसतो आणि स्वच्छतेच्या उत्साहात तो उपटला जाण्याचा संभव असतो. यासाठी तेथे माहितीचा फलक लावावा व ग्रामसभेत त्याचा उद्देश समजावून सांगावा. शिक्षकांनी दर शनिवारी ठराविक दहा मिनिटांत फुलांवर आलेल्या जीवांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. आग्या, सातेरी व फुलोरी या मधमाश्यांतील भेद मुले थोड्याच दिवसांत ओळखू लागतात. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. या समितीमार्फत तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीस विद्यार्थ्यांच्या या नोंदी उपयोगी पडतील.

निसर्गरक्षणाची परंपरा जिल्ह्यास नवी नाही. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे मयूर अभयारण्य आहे. बीडजवळील पालवण येथे सह्याद्री देवराईच्या उजाड डोंगरावर झाडे वाढविण्यात आली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्ष संमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडास देण्यात आले होते. अभयारण्य वा देवराई प्रत्येक गावास शक्य नसली, तरी दोनशे चौरस फुटांचा वाफा कोणत्याही गावास अवघड नाही. त्यास लागतो तो मूठभर बियाणे, पहिला पाऊस आणि उगवले ते लगेच न उपटण्याचा संयम. येत्या मृगापूर्वी गावोगावच्या शाळांनी व पंचायतींनी जागा निश्चित केल्यास पावसाळा सरतेवेळी त्याचा लाभ शिवारातील पिकांनाही मिळू लागेल.