गोळी नागपूरची, राखण गावातली

२०२२ चा रमजान ऐन एप्रिलात आला होता. विदर्भाचा एप्रिल म्हणजे काय, हे गोंदियाच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या अम्मी त्या महिन्यात अंथरुणाला खिळल्या. हात थरथरत, जीभ जड, चालताना तोल जाई, वर उलट्या आणि जुलाब. घरचे म्हणाले, जुना आजार उलटला. शेजारणींनी 'असर' झाल्याचे ठरवूनही टाकले. ताजबागला न्यायला गाडी सांगितली गेली.

या भाभींना दहा वर्षांपासून लिथियमची गोळी सुरू होती. कधी अतोनात उत्साह, कधी महिनोन्‌महिने उदासी, अशा आजारावरचे हे जुने औषध. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी त्याचा गुण दाखवून दिला. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या त्या गोळीने भाभींचा संसार सावरला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

गाडी निघण्याआधी आशाताई उपकेंद्रातल्या सिस्टरना घेऊन आल्या. कागदोपत्री त्या समुदाय आरोग्य अधिकारी. गावात सगळ्यांच्या सिस्टर. त्यांनी रक्तदाब पाहिला आणि साधे प्रश्न विचारले. गोळी कधी घेता? दोन वेळची सेहरीलाच एकदम. पाणी किती पिता? इफ्तारनंतर दोन ग्लास, जास्त प्यायले की मळमळते. दुसरे काही औषध? गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, पंधरा दिवस झाले. रक्त कधी तपासले? भाभींनी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने भिंतीकडे. चार वर्षे झाली होती. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या मिळत होत्या, मग नागपूरला कशाला जायचे?

सिस्टरांनी आपल्या मनाने काही बदलले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पुढची गोळी देऊ नका, लगेच गोंदियाला हलवा. सांगितलेली गाडी ताजबागऐवजी दवाखान्यात गेली. रक्तात लिथियम हवे त्याच्या दुपटीहून अधिक निघाले. सलाईन आणि पुन्हा पुन्हा रक्ततपासणी होऊन भाभी आठवड्याने घरी आल्या.

असे का झाले, ते नंतर आम्ही समजून घेतले. लिथियम हा एक क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला मिठासारखेच वागवते. अंगातले पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, त्याबरोबर लिथियमही अडकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या त्यात भर घालतात. रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते १.० असावे लागते, १.५ च्या वर गेले की विषबाधेचा धोका. गुण आणि विष यांत एवढेच अंतर! म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन, दर तीन ते सहा महिन्यांनी हे प्रमाण पाहायचे असते. मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणीही ठरलेली.

प्रत्येक औषधाची राखण वेगळी असते. ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढू शकते. क्लोझापिन सुरू केल्यावर पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजतात. व्हॅल्प्रोएटमुळे पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकते, म्हणून मुलीच्या निकाहाची बोलणी सुरू होताच डॉक्टरांना सांगायला हवे. ते लपवण्याकडेच आपला कल असतो, हे वेगळे. आणि यातले कोणतेही औषध आपल्या मनाने एकदम बंद करायचे नाही.

इंग्लंड-अमेरिकेत खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका मनोविकाराची औषधे स्वतः लिहून देतात. आपल्याकडे तसे नाही. उपकेंद्रातल्या सिस्टर डॉक्टरांनी लिहिलेले औषध पुढे चालू ठेवतात आणि लक्ष ठेवतात. काहींना हे दुय्यम काम वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. नागपूरच्या डॉक्टरांना भाभी वर्षातून एकदाही दिसत नव्हत्या. सिस्टर त्यांच्या गल्लीतून रोज जात होत्या. मात्र आजाराचे नाव भाभींच्या घरच्यांनी त्यांच्यापासूनही लपवले होते.

ताजबागला जाण्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. खुद्द बाबा ताजुद्दीन १८९२ पासून सुमारे सोळा वर्षे नागपूरच्या पागलखान्यात होते, आणि लोक तिथेही त्यांच्या दर्शनाला जात. दुआ करावी, गोळीही घ्यावी. रोज्याचे म्हणाल तर बीमाराला सवलत सूरह बकरामध्येच आहे. भाभींच्या डॉक्टरांनी रोजे नकोत असे स्पष्ट सांगितले. मौलानासाहेबांनी फिदयाचा मार्ग दाखवला. पहिल्या वर्षी सेहरीच्या वेळी भाभी खूप रडल्या. आता प्रत्येक रोज्यामागे एका गरजूचे जेवण त्या स्वतः रांधतात.

रात्री-अपरात्री विचारायचे झाले तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येते. पण हातपाय थरथरत असतील, तोल जात असेल, तर फोनवर न थांबता दवाखाना गाठावा.

भाभींना मराठी वाचता येत नाही, सिस्टरना उर्दू येत नाही. म्हणून आम्ही एक कागद दोन्ही लिप्यांत लिहून दिला: गोळीचे नाव, वेळ, पुढच्या रक्ततपासणीची तारीख, आणि दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये ही सूचना. तो त्यांच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवलेला आहे. बाहेरच्या बाजूने लावायला अजून घरचे तयार नाहीत.