आठ ग्रॅमचे लढाऊ विमान

दुसऱ्या महायुद्धातील विमानांचे धातूचे छोटे नमुने जमवण्याचा छंद जगभर अनेकांना आहे. त्यांपैकी ब्रिटिश ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाचा एक नमुना तुमच्या तळहातावर ठेवला आहे असे समजा. प्रथम काय जाणवेल? एवढासा नमुना, पण हाताला चांगलाच जड लागतो. ‘अगदी खऱ्या विमानासारखा भारदस्त!’ असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. हा जडपणा खरा की खोटा, हे आपण गणितानेच तपासून पाहू.

स्पिटफायरचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. रेजिनाल्ड मिचेल या अभियंत्याने त्याचा आराखडा केला होता. लंबवर्तुळाकार पंखांमुळे ते आकाशात चटकन ओळखू येई. १९४४-४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाचे वैमानिकही हे विमान चालवीत होते.

७२ हाच आकडा का?

पुष्कळसे नमुने मूळ विमानाच्या १/७२ प्रमाणात असतात. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणून या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११·२३ मीटर आणि लांबी ९·१२ मीटर. त्यांना ७२ ने भागा. नमुन्याच्या पंखांचा विस्तार सुमारे १५·६ सेंटिमीटर आणि लांबी १२·७ सेंटिमीटर येते.

आता वजनाकडे वळू. सज्ज स्पिटफायरचे वजन सुमारे ३००० किलोग्रॅम असे. त्यालाही ७२ ने भागायचे का? नाही! येथेच बहुतेकांची चूक होते. नमुना लांबीत ७२ पट लहान आहे, तसाच रुंदीत आणि उंचीतही ७२ पट लहान आहे. म्हणून घनफळ, आणि त्याबरोबर वजन, ७२ × ७२ × ७२ म्हणजे ३,७३,२४८ पट कमी व्हायला हवे. आता भागाकार करा. उत्तर येते सुमारे ८ ग्रॅम! आपले दहा रुपयांचे नाणे जवळजवळ तेवढ्याच वजनाचे असते. हातातला धातूचा नमुना त्याच्या कितीतरी पट जड आहे. म्हणजे जे आपल्याला ‘खरे’ वाटले, तेच नेमके खोटे ठरले.

जडपणा आला कोठून?

याची कारणे दोन. खरे विमान आतून बहुतांशी पोकळ असते आणि त्याचा पत्रा ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूचा असतो. समजा, हा पत्रा एक मिलिमीटर जाडीचा आहे. तो ७२ पट पातळ केला, तर वहीच्या कागदाहूनही कितीतरी पातळ होईल. इतक्या पातळ भिंतीचे ओतकाम करणार कसे?

दुसरे कारण धातूचे. नमुन्यासाठी बहुधा जस्ताची मिश्रधातू वापरतात. तिच्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते. ती ४०० अंश सेल्सियसच्या आतच वितळते. हा रस पोलादी साच्याच्या दोन अर्धांमध्ये दट्ट्याने जोराने दाबतात. काही क्षणांत तो घट्ट होतो, साचा उघडतो आणि नमुना बाहेर पडतो. जोराच्या दाबामुळे पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेषाही त्यावर उमटतात. एकच साचा हजारो वेळा वापरता येतो, हा आणखी एक फायदा. मात्र ही मिश्रधातू ॲल्युमिनियमच्या सुमारे अडीच पट जड आहे.

धातूचा रोग

या मिश्रधातूला एक विचित्र रोगही जडतो. तिच्यात शिशाचा अगदी अल्प अंश मिसळला गेला, तर दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत गंज पसरतो. नमुना फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी हात लावताच त्याचे तुकडे पडतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे कितीतरी नमुने असे नष्ट झाले. एकदा हा रोग सुरू झाला की त्यावर इलाज नाही. म्हणूनच आज ९९·९९ टक्के शुद्ध जस्त वापरतात.

मग वजनात खोटा ठरणारा नमुना काय कामाचा? तो आकारात खरा असतो! १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने देशातील शाळांकडे १/७२ प्रमाणाच्या पाच लाख लाकडी नमुन्यांची मागणी केली. विद्यार्थ्यांनी ते तासून, काळा रंग देऊन तयार केले. १० मीटर अंतरावरचा असा नमुना ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढा दिसतो. त्यांवरून सैनिक शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते, हे ओळखायला शिकत. ओळखण्यात चूक झाली, तर आपल्याच वैमानिकावर गोळी सुटण्याचा धोका होता. त्या कामाला नमुन्याचे वजन लागत नव्हते, बाह्याकृती लागत होती.

आता तुम्ही एक प्रयोग करा. मातीचा १ सेंटिमीटर बाजूचा एक घन आणि २ सेंटिमीटर बाजूचा दुसरा घन बनवा. शाळेच्या तराजूत एका पारड्यात मोठा घन ठेवा. दुसऱ्या पारड्यात किती छोटे घन ठेवले म्हणजे काटा मध्यावर येईल? आधी वहीत अंदाज लिहा आणि मगच तोलून पाहा. यापुढे कोणताही नमुना हाती आला, की तो कशात खरा आहे आणि कशात नाही, हे स्वतःला विचारायला विसरू नका.