जुनी अग्निशमन केंद्रे : बदल कशासाठी आणि कसा?

१४ एप्रिल हा आपल्या घराघरांत जयंतीचा दिवस. याच तारखेस देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझविण्यास गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

या जवानांना आपण अभिवादन करतो, ते योग्यच आहे. परंतु आजचे जवान कोठे राहतात, त्यांचे बंब कोठे उभे असतात आणि ती जागा आजच्या कामाला पुरी पडते काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तोच विचार आम्ही सभासद व विद्यार्थी बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

आम्हांस हा विषय सुचला तो एका प्रसंगावरून. आमच्या वस्तीत एका रात्री एका खोलीत आग लागली. वर्दी गेली, बंबही निघाला. पण तो गल्लीच्या तोंडाशीच अडला. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, मध्ये एक टेम्पो. जवानांनी नळ्या खांद्यावर घेऊन धाव घेतली व आग आटोक्यात आणली. जीवितहानी झाली नाही, मात्र एका कुटुंबाचा संसार गेला. मुलांची पुस्तके व दाखलेही त्यात जळाले. नंतर आमच्यापैकी काहीजण जवानांचे आभार मानण्यासाठी केंद्रात गेलो. तेथे पाहिले तेव्हा समजले, की अडचण केवळ आपल्या गल्लीत नाही, ती केंद्रातही आहे. दरवाजा इतका अरुंद, की बंब बाहेर काढताना एका जवानाला पुढे उभे राहून हाताने इशारा द्यावा लागत होता.

केंद्र जुने होते म्हणजे काय?

इमारतीला शंभर वर्षे झाली म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. दगडी भिंती आणखी शंभर वर्षेही टिकतील. केंद्र जुने ठरते ते त्याभोवतालचे गाव बदलल्यामुळे.

आपल्याकडील जुनी केंद्रे बांधली गेली तेव्हा बंब लहान व हलके होते, त्याआधी तर ते घोडे ओढीत. आज पाण्याच्या एका मध्यम बंबात साडेचार हजार लिटर पाणी असते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन साडेचार टन झाले. त्यात गाडी, पंप, शिड्या आणि माणसे मिळवा. एवढा भार पेलणारी जमीन हवी, तेवढा उंच व रुंद गाळा हवा आणि बाहेर पडताच वळण्यासाठी पुढे मोकळी जागाही हवी.

इमारतींची उंचीही बदलली. वरळीच्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. आपल्या कित्येक कुटुंबांच्या पिढ्या तेथे वाढल्या. त्याच जागेवर आता चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहत आहेत. मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटर उंचीपर्यंत पोहोचणारी शिडीची गाडी आहे. अशी गाडी जुन्या केंद्राच्या गाळ्यात मावेल तरी कशी?

तिसरा बदल घरातल्या सामानाचा. अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत लाकूड व सुती कापडाचे जुन्या पद्धतीचे सामान असलेली खोली पूर्ण पेट घेण्यास जवळजवळ अर्धा तास लागला. फोमच्या गाद्या व प्लॅस्टिकचे सामान असलेली खोली मात्र पाच मिनिटांच्या आत पेटली. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळी बंब पंधरा मिनिटांनी आला तरी खोली वाचण्याची आशा होती. आज ती राहिलेली नाही.

मिनिटांचा हिशेब

म्हणूनच केंद्राचे खरे मोजमाप विटांत नव्हे, मिनिटांत करावे लागते. शहरी भागात ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत मदत पोहोचावी, असा निकष आपल्या देशात सुचविला गेला आहे. विद्यार्थी मित्रांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. पाच मिनिटांपैकी एक मिनिट जवानांना तयार होऊन गाडीत बसण्यास लागते असे धरू. उरली चार. रस्ता मोकळा असून बंब ताशी ३० किलोमीटर वेगाने धावला तर चार मिनिटांत तो दोन किलोमीटर जाईल. गर्दीमुळे वेग ताशी १५ वर आला तर फक्त एक किलोमीटर. त्यापलीकडे राहणारी माणसे नकाशावर केंद्राच्या हद्दीत असली, तरी मिनिटांच्या हिशेबात ती हद्दीबाहेरच असतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जुने केंद्र पाडून त्याच जागी मोठी इमारत बांधली की काम झाले, असे नाही. कधी जुन्या जागीच नवे केंद्र लागते, कधी ते दुसरीकडे हलवावे लागते, तर कधी एका मोठ्या केंद्राऐवजी दोन लहान केंद्रे अधिक उपयोगी पडतात. आधी वर्दींची नोंदवही व नकाशा समोर ठेवावा, मग वास्तुविशारदाला बोलवावे. हाच योग्य क्रम होय.

जवानांचेही आरोग्य

आग विझवून परतलेल्या जवानाच्या गणवेशाला काजळी व विषारी द्रव्ये चिकटलेली असतात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामातील संसर्गाचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या कारणांत केला. जुन्या केंद्रांत मात्र मळलेले गणवेश, जेवणाची जागा आणि झोपण्याच्या खाटा पुष्कळदा शेजारी-शेजारीच असतात. नव्या केंद्रात गणवेश धुण्याची व ठेवण्याची वेगळी खोली, बंबाचा धूर बाहेर नेण्याची सोय आणि आल्याबरोबर स्नानाची व्यवस्था असलीच पाहिजे. आता या सेवेत भगिनीही दाखल होत आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली व स्वच्छतागृह ही हक्काची बाब आहे, त्यात कोणी उपकार करीत नाही.

बदल करताना

येथे सर्वांत अवघड प्रश्न असा, की जुने केंद्र पाडल्यापासून नवे उभे राहीपर्यंत बंब कोठे ठेवायचे? आग काही बांधकाम संपण्याची वाट पाहत नाही. त्याच हद्दीत तात्पुरती जागा, पाण्याची सोय व जवानांचा निवारा तयार झाल्याशिवाय जुन्या भिंतीला हात लावू नये. नागरिकांनी पहिली मागणी हीच करावी. जुनी इमारत वारसा म्हणून मोलाची असेल तर तिची दर्शनी बाजू राखावी, तेथे कार्यालय वा संग्रहालय करावे आणि बंबांसाठी शेजारी नवे गाळे बांधावेत. पण केंद्राचा मोक्याचा भूखंड इतर कामी देऊन बंब गावकुसाबाहेर पाठविण्याचा विचार कोणी मांडला, तर तो मान्य करू नये.

पैशाचे काय? केंद्र सरकारने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. त्यात बहुतेक राज्यांनी आपला २५ टक्के वाटा घालावयाचा आहे. शिवाय ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘अग्निशमन सेवा’ हा विषय नगरपालिकांच्या कामांत नमूद आहे. म्हणजे आपल्या नगरसेवकाला याविषयी प्रश्न विचारण्याचा आधार प्रत्यक्ष संविधानात आहे. अर्थसंकल्पापूर्वी लेखी निवेदन द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि वर्षभर पाठपुरावा करावा.

आपला वाटा

मात्र केवळ मागणी करून भागणार नाही. नवे कोरे केंद्र उभे राहिले आणि बंब पुन्हा आपल्याच गल्लीच्या तोंडाशी अडला, तर दोष कोणाचा? वस्तीतील एक बाजू तरी वाहनमुक्त ठेवणे, चाळीच्या जिन्यात सामान न रचणे, १०१ हा क्रमांक लहान मुलांकडून पाठ करून घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांच्या मालकाने वा भोगवटादाराने ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावयाचे असते. आपली सभागृहे व वसतिगृहे या नियमात बसतात काय, याची तपासणी आपण स्वतःपासून सुरू करू या.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. तेथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी घेता येते. नागपूरच्याच हर्षिणी कान्हेकर यांनी तेथील पहिली विद्यार्थिनी म्हणून प्रवेश घेतला व शिक्षण पूर्ण केले. दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी या महाविद्यालयाचीही एकदा चौकशी करावी.

त्या रात्री जळालेले दाखले मिळविण्यासाठी त्या कुटुंबाला पुढे कित्येक महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. पाच मिनिटे म्हणजे किती, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ते आपणा सर्वांना वेळेवर समजावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.