खरेदीखत आणि मृत्युपत्र

अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीत घर घेताना नवरा-बायको दोघांची नावं खरेदीखतावर लावतात. उद्या एक गेला तर घर आपोआप दुसऱ्याचं, हा समज मात्र चुकीचा आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार त्याचा हिस्सा बायको, मुलं, मुली आणि हयात असलेली त्याची आई यांच्यात सारखा वाटला जातो. आईचा हक्क तर बहुतेकांच्या ध्यानातच नसतो.

नॉमिनी म्हणजे मालक, हीसुद्धा गैरसमजूतच. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या शेअर्सच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं, की नॉमिनी नेमल्याने वारसांचा हक्क जात नाही.

म्हणून खरेदीच्याच सुमारास दोघांनी आपापलं मृत्युपत्र करावं. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याची सही हवी आणि तिला दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि वाटणीत नसलेले निवडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी माझं मत आहे की ती करावीच. खरेदीखतासाठी अक्कलकोटच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाणारच आहात, तेव्हा मृत्युपत्रही सोबत न्या.