विज्ञान संस्थेचा नवा अध्यक्ष: किती योजना, किती ताकद?

जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला इंडियन सायन्स काँग्रेसचं १०८वं अधिवेशन भरलं होतं. कोविडच्या खंडानंतर भरलेलं हे पहिलं अधिवेशन. त्यात नागपूर विद्यापीठाचं शताब्दी वर्ष. वणीहून नागपूर एसटीने जेमतेम अडीच-तीन तासांवर, त्यामुळे आपल्या भागातल्या शाळा-कॉलेजांतही त्याची चर्चा होती. पुढचं अधिवेशन जानेवारी २०२४ मध्ये व्हायचं होतं. ते झालंच नाही. ही माहिती वर्गात सांगितली तेव्हा नववीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, "सर, तिथेही सदर असतोच ना? मग त्याने का नाही भरवलं?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आपल्याकडे सदर म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. अंजुमनची किंवा एज्युकेशन सोसायटीची निवडणूक होते, नवे सदर निवडून येतात, इस्तकबालिया जलसा होतो, हार-शाल होते. मग भाषण: लायब्ररी काढू, मुलींसाठी कोचिंग सुरू करू, स्कॉलरशिप देऊ. नीयत बहुतेकांची साफ असते. पण वर्षभराने लायब्ररीच्या खोलीत मंडपाच्या खुर्च्या रचलेल्या दिसतात. विज्ञानाच्या मोठ्या संस्था यापेक्षा फार वेगळ्या असतात असं कोणाला वाटत असेल, तर ते तितकंसं खरं नाही. तिथेही सभासद असतात, वर्गणी असते, कार्यकारिणी असते, सचिव आणि खजिनदार असतात. आणि तिथेही नवा अध्यक्ष भाषण करतो.

सायन्स काँग्रेसची सुरुवात १९१४ साली कलकत्त्यात झाली. सिमन्सन आणि मॅकमहॉन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांची ती कल्पना. पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष सर आशुतोष मुखर्जी होते आणि जमलेली मंडळी शंभरच्या थोडी वर. हेतू साधा होता. देशभर विखुरलेल्या संशोधकांनी वर्षातून एकदा एकत्र यावं, आपलं काम एकमेकांना दाखवावं आणि लोकांनाही कळू द्यावं. अध्यक्ष एका वर्षासाठी निवडला जातो. म्हणजे विचार करा, आपल्या अंजुमनच्या सदराला निदान तीन-पाच वर्षं तरी मिळतात!

एका वर्षात माणूस काय करणार? बोलणार. आणि इथेच एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: या संस्थेत अध्यक्षाचं भाषण हीच त्याची मुख्य कृती असते. १९३८ च्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनासाठी अणूचा गाभा शोधणारे रदरफोर्ड अध्यक्ष म्हणून ठरले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी जेम्स जीन्स आले आणि रदरफोर्ड यांनी लिहून ठेवलेलं भाषण कलकत्त्यात वाचून दाखवलं गेलं. अध्यक्ष दुनियेत नव्हते, पण त्यांचं म्हणणं सभेपर्यंत पोहोचलं. लिहून ठेवण्याचा एवढा फायदा तर नक्कीच होतो.

पण नुसतं बोलून प्रयोगशाळा उभ्या राहत नाहीत. त्यासाठी नागपूरचंच एक जुनं अधिवेशन पाहू. १९४५ साली शांतिस्वरूप भटनागर नागपुरात अध्यक्ष होते. त्यांच्या भाषणाचा विषय होता, विज्ञानाला संधी द्या. हेच वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर टाळ्या वाजल्या असत्या आणि लोक घरी गेले असते. भटनागर यांच्या हातात मात्र १९४२ साली स्थापन झालेली सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद होती. तिचे ते पहिले प्रमुख. अध्यक्षपदाचं वर्ष संपलं तरी हे काम संपलं नाही. जानेवारी १९५० मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली, त्याच महिन्यात दिल्लीची भौतिकी प्रयोगशाळाही. नागपूरची 'नीरी' ही त्याच परिवारातली, १९५८ साली सुरू झालेली. हवा आणि पाणी तपासणं हे तिचं काम. कोळशाच्या ट्रकांमागे धूळ खाणाऱ्या आपल्या वणीला, आणि पाण्यात फ्लोराइड निघणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांना, अशी संस्था काय कामाची असते हे समजवावं लागत नाही.

म्हणजे योजना तीच टिकते, जिच्या मागे संस्था असते, पैसा असतो आणि उद्या काम पुढे नेणारा कोणी असतो.

भटनागर यांच्यानंतर १९४६ साली बंगळूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते मोहम्मद अफझल हुसेन. कीटकशास्त्रज्ञ, टोळधाडीचे अभ्यासक. त्यांनी विषय घेतला हिंदुस्तानच्या अन्नप्रश्नाचा. बंगालच्या दुष्काळाला तीनच वर्षं झाली होती, त्यामुळे विषय किती नेमका होता हे सांगायला नको. पुढच्या वर्षी फाळणी झाली. वेळेचाही हिस्सा असतो प्रत्येक योजनेत.

१९७६ साली एम. एस. स्वामिनाथन अध्यक्ष झाले. त्यांनी एक लहानशी वाटणारी पण शहाणी सुधारणा केली. प्रत्येक अधिवेशनाला एक मध्यवर्ती विषय द्यायचा, म्हणजे रसायनवाला, शेतीवाला, वैद्यकवाला सगळे त्या एका प्रश्नावर बोलतील. त्यांचा स्वतःचा विषय होता विज्ञान आणि ग्रामीण विकास. तेव्हापासून नव्या अध्यक्षाची योजना काय आहे, हे त्याने निवडलेल्या विषयावरून कळू लागलं.

आता ज्यांच्याबद्दल आम्हाला जास्त सांगायचं आहे, ते डॉ. सय्यद झहूर कासिम. अलाहाबादचे, अलीगढला प्राणिशास्त्र शिकलेले, नंतर ब्रिटनला जाऊन समुद्री जीवांवर संशोधन केलेले. १९७४ पासून ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. डिसेंबर १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली, २१ जणांची, आणि तिचे नेते होते कासिम साहेब. जहाज नॉर्वेचं, भाड्याने घेतलेलं. ९ जानेवारी १९८२ ला ही मंडळी बर्फावर उतरली आणि फेब्रुवारीत परत गोव्यात आली. पुढे ते महासागर विकास विभागाचे सचिव झाले, जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले, नियोजन आयोगाचे सदस्य झाले. आमच्या अनुभवात दहावीच्या मुलांना अब्दुल कलाम आणि सलीम अली ही नावं पाठ असतात, कासिम हे नाव मात्र क्वचितच कोणी ऐकलेलं असतं. स्नेहसंमेलनात फॅन्सी ड्रेससाठी कधी अंटार्क्टिकाचा कोट घालून कोणी यावं, अशी आमची फार इच्छा आहे.

तर कासिम साहेब सायन्स काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते १९९३ च्या गोवा अधिवेशनाला. तारखा नीट आठवा. ६ डिसेंबर १९९२ नंतरचा तो जानेवारी होता आणि मुंबईत दंगली पेटल्या होत्या. आपल्यातल्या कित्येक घरांत त्या दिवसांत नातेवाइकांच्या खबरीसाठी लोक फोनजवळ बसून होते. त्याच जानेवारीत, त्याच कोकण किनाऱ्यावर, देशातल्या शास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या सभेचे अध्यक्ष एक मुसलमान समुद्रशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा विषय होता विज्ञान आणि जीवनमान. माणसाचं रोजचं जगणं विज्ञानाने सुधारतं का, हा प्रश्न. या योगायोगातून कोणी मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण मुलांना सांगण्यासारखी ही हकीकत आहे, आणि ती सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात: त्या महिन्यात काय जळत होतं आणि त्याच महिन्यात आपला एक माणूस कुठे उभा होता.

कासिम साहेबांची योजना भाषणापुरती नव्हती, कारण आधीची वीस वर्षं त्यांनी संस्था चालवल्या होत्या आणि तेव्हा ते नियोजन आयोगातही होते. भटनागर यांच्यासारखंच.

आता परत नागपूरला, २०२३ ला. अध्यक्ष होत्या डॉ. विजयलक्ष्मी सक्सेना. त्यांनी विषय निवडला महिला सक्षमीकरणासह शाश्वत विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञान. या संस्थेला पहिली महिला अध्यक्ष मिळाली होती १९७५ साली, असीमा चॅटर्जी. नागपुरात मुख्य अधिवेशनासोबत मुलांचं, महिलांचं, शेतकऱ्यांचं आणि आदिवासींचं वेगळं विज्ञान संमेलनही झालं. विदर्भासाठी हे मोठं होतं. तालुक्याच्या मुलाला खरा शास्त्रज्ञ जवळून पाहायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही.

मग बिघडलं कुठे? सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने आर्थिक अनियमिततेचं कारण देऊन निधी थांबवला. अधिवेशन लखनौऐवजी जालंधरजवळच्या एका खासगी विद्यापीठात नेण्यावरूनही वाद होता. संघटनेने आरोप नाकारले आणि कोर्टात गेली. डिसेंबरमध्ये त्या विद्यापीठानेही यजमानपद सोडलं. अधिवेशनाला काही आठवडेच उरले होते. आरोप खरे की खोटे यावर आम्ही बोलणार नाही. पण एक गोष्ट उघड दिसते. शंभरहून जास्त वर्षांची संस्था एकाच नळाच्या पाण्यावर होती. नळ बंद झाला आणि विहीर कोणी खोदलेली नव्हती. अशा वेळी एका वर्षाचा अध्यक्ष कितीही हुशार असो, काय करणार? त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक एवढंच आहे.

अशा संस्थेच्या नव्या अध्यक्षाकडून म्हणूनच आम्हाला मोठा विषय नको, तीन साध्या गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे हिशेब, दरवर्षी सगळ्यांना दिसेल असा. दुसरी, पैशाचे एकाहून जास्त मार्ग, म्हणजे सभासदांची वर्गणी, विद्यापीठं, उद्योग. तिसरी गोष्ट शिक्षक म्हणून आम्हाला सगळ्यात जवळची, ती म्हणजे भाषा.

उर्दू शाळेतलं मूल दहावीपर्यंत 'ज़ियाई तालीफ' शिकतं. शेजारच्या मराठी शाळेत तेच 'प्रकाशसंश्लेषण' असतं. अकरावी सायन्सला दोघांच्या समोर 'फोटोसिंथेसिस' येऊन बसतं आणि दोघंही गप्प होतात. उर्दूचं मूल जरा जास्तच गप्प होतं. पान तेच, ऊन तेच, ज्ञानही तेच, फक्त शब्दाने दार लावून घेतलं. सर सय्यद अहमद खान यांना हे १८६४ सालीच कळलं होतं. गाझीपुरात त्यांनी सायंटिफिक सोसायटी काढली, तिचं पहिलं काम इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणणं. सोसायटी पुढे अलीगढला गेली आणि १८६६ पासून तिचं उर्दू-इंग्रजी पत्रही निघू लागलं. कॉलेज नंतर आलं, १८७५ ला मदरसा आणि मग पुढचं सगळं. आपल्या महाराष्ट्रात १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद हेच काम मराठीतून करते आहे, गाजावाजा न करता. उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी तिचे कार्यक्रम पाहावेत. आपल्या मुलांना मराठी येतेच, मग त्या दारातून आत जायला हरकत काय?

तोपर्यंत अधिवेशन भरो न भरो, मुलांसाठी एक रस्ता उघडा आहे. केंद्राची इन्स्पायर-मानक योजना सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शाळा मुलांच्या पाच कल्पना ऑनलाइन पाठवू शकते. कल्पना निवडली गेली तर मॉडेल बनवण्यासाठी १०,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात आणि मग जिल्हा, राज्य, देश अशी प्रदर्शनं होतात. नोंदणी शाळेकडून होते, पालकांना परस्पर करता येत नाही. तेव्हा पुढच्या पालक सभेत मुख्याध्यापकांना विचारा की यंदा आपल्या शाळेने पाच नावं पाठवली का. मुलाचं बँक खातं त्याच्याच नावाने सुरू आहे का, हेही आजच बघून घ्या.