आचारी, आचार्य आणि मजकुराची पडताळणी

वेब-उपयोजनात भरलेला मजकूर स्वीकारण्यापूर्वी तो अपेक्षित स्वरूपाचा आहे की नाही, हे तपासावे लागते. जावास्क्रिप्टमध्ये या कामासाठी जॉय, झॉड, एजेव्ही इत्यादी तयार लायब्ररी उपलब्ध असून त्यांची निवड बहुधा वेग, आकार व लेखनसुलभता पाहून केली जाते. बोलींतील शब्द गोळा करणाऱ्या उपयोजनास एवढी कसोटी पुरत नाही.

मराठीत ‘आचाऱ्यास’ व ‘आचार्यास’ ही दोन निराळी रूपे होत. पहिल्यात स्वयंपाकी आहे, दुसऱ्यात गुरू. पहिल्यातील अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे टंकित होऊ शकतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्तचिन्ह, साधा र, त्याखाली नुक्ता व हलन्तचिन्ह, किंवा साधा र, हलन्तचिन्ह व त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. परंतु पहिल्या प्रकारात या शब्दाचे संकेतांक ८ भरतात, उरलेल्या दोहोंत ९. एनएफसी या प्रमाण रूपात आणल्यास दुसरा प्रकार पहिल्यात विलीन होतो. तिसरा होत नाही.

येथेच नियम लिहिणाऱ्याची गफलत होते. केवळ ‘अक्षरे’ चालतील असा नियम केला, तर काना, वेलांटी व हलन्तचिन्ह ही सारी बाद ठरतात; कारण युनिकोडच्या वर्गीकरणात ती अक्षरे नसून चिन्हे आहेत. चिन्हांना मुभा दिली तरी जॉइनर त्याहून वेगळ्या वर्गात असल्याने तिसरा प्रकार नाकारला जातो. आणि अदृश्य चिन्हे सरसकट गाळून टाकण्याचा (वरवर निरुपद्रवी वाटणारा) उपाय योजला, की अर्ध्या र चा रफार होऊन आचाऱ्याचा आचार्य बनतो. कोशाच्या दृष्टीने नकारापेक्षा हा बदल अधिक घातक होय, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून लायब्ररी निवडताना पाहावयाचे ते हे, की तपासणीपूर्वी मजकूर एकरूप करण्याची सोय तीत आहे काय. जॉयमध्ये प्रमाण रूपात आणणे व एका आकृतिबंधाच्या जागी दुसरा घालणे या दोन्ही सोयी असून रूपांतर चालू असेल, तर ती नियमांच्या आधी घडतात. झॉडमध्येही हे साधते. तथापि आधी परिवर्तन व मग नियम हा क्रम लिहिणाऱ्याने स्वतः सांभाळावा लागतो. एजेव्ही जेसन-स्कीमा या प्रमाणावर आधारलेली आहे. एकच नियमावली अनेक संगणक-भाषांत वापरावयाची असता तिचे मोल मोठे; परंतु त्या प्रमाणात एकरूपीकरणाचा शब्दच नसल्याने ते काम आधी वेगळे उरकावे लागते. र, हलन्त व जॉइनर यांच्या जागी ‘ऱ्’ घालण्याचा नियम मात्र कोणतीही लायब्ररी आपण होऊन देत नाही. तो मराठी जाणणाऱ्यानेच लिहावयाचा, आणि मूळ मजकूर शेजारच्या रकान्यात जसाच्या तसा जपावयाचा.