पाटी दुकानाची, रस्ता सगळ्यांचा

नव्या गावात उतरलो की आपण पत्ता कसा शोधतो? पाट्या वाचत. दुकानदाराला वाटते, पाटी आपली. पण ती वाचतो रस्त्यावरचा माणूस. म्हणूनच तिच्यावर कायद्याचीही नजर असते.

महाराष्ट्राने २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरीतले मराठी नाव आधी हवे आणि त्याची अक्षरे इतर भाषांतल्या अक्षरांहून लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्याच महिन्यात उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पाट्यांवरचे पत्तेही बदलू लागले.

इतर भाषांना मात्र या कायद्याची मनाई नाही. मी मराठीत कविता लिहितो, उर्दूही वाचतो. डावीकडून निघालेली देवनागरी आणि उजवीकडून आलेली उर्दू एकाच पत्र्यावर भेटली की बरे वाटते.

कायदा अक्षरांची उंची मोजतो. शुद्धलेखन आणि देखणेपण मोजत नाही. ते पेंटर सांभाळायचा. दोरीला खडू लावून रेघ आखायचा, मगच ब्रश उचलायचा. आता फ्लेक्स तासाभरात छापून येतो, ऱ्हस्व-दीर्घ कोण पाहतो? वर पाटी दिसावी म्हणून दारचा कडुनिंबही डोळ्यांत खुपू लागतो. १९७५च्या कायद्यानुसार शहरातले झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे तेव्हा आठवावे.

पाटी टांगण्याआधी रस्ता ओलांडून समोर उभे राहावे आणि ती एकदा वाचावी. गल्ल्यावर बसणाऱ्याला ती दिसत नाही. गावाला रोज दिसते.